ग्रुपवर उत्तर मिळालं, पण ते गेलं कुठे?

जुलैचा दुसरा आठवडा. गच्चीवरच्या बागेच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो. जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलेलं आहे. "हे काय आहे? काय करू?" पाच मिनिटांत उत्तरं सुरू होतात. एक दादा सांगतात, पिठ्या ढेकूण. एक ताई म्हणतात, लिटरभर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. एक काका म्हणतात, फांदीच कापून टाका. मग ग्रुपमधल्या एक जुन्या, जाणत्या काकू लिहितात की आधी झाडावरच्या मुंग्या बघा. पिठ्या ढेकूण गोड, चिकट द्रव सोडतो. त्यासाठी मुंग्या त्याला जपतात आणि एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेऊन सोडतात. मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही तर कितीही फवारलं तरी तो परत येणार.

सगळ्यांत कामाचं उत्तर हेच. विचारणारी खूश होते, हात जोडलेले तीन इमोजी येतात. त्यानंतर कुणाचा तरी वाढदिवस निघतो, चाळीस जण केक पाठवतात आणि मुंग्या त्या केकखाली गाडल्या जातात.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी गच्चीवरून तसाच फोटो येतो. पुन्हा कडुलिंबाचं तेल, पुन्हा "फांदी कापा". या खेपेला काकू गप्प असतात. तेच तेच चौथ्यांदा टाइप करायचा त्यांना कंटाळा आलेला असतो. मुंग्यांबद्दल कुणीच काही बोलत नाही.

तुमचा छंद बागेचा नसेल तर ट्रेकिंगचा असेल, पक्ष्यांचा, सायकलींचा, फाउंटन पेनांचा, मत्स्यालयाचा किंवा कॅमेऱ्याचा असेल. ग्रुपवरचं चित्र थोड्याफार फरकाने हेच असतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी या गप्पा फोरमवर व्हायच्या. आता त्या चॅटवर होतात, आणि जुने फोरम ओस पडलेत. हे का झालं, आणि या बदलात नेमकं काय हरवलं?

स्थिर पान आणि वाहतं पान

ज्यांनी फोरम पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, एका विषयाचा एक धागा आणि त्याखाली ओळीने प्रतिसाद. धागा उद्याही तिथेच असणार आणि पाच वर्षांनीही तिथेच असणार. ही कल्पना वेबपेक्षाही जुनी आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना १९७९ मध्ये युजनेटची कल्पना सुचली. तिथे पुढे छंदांच्या चर्चांसाठी 'रेक' नावाचा वेगळा विभागच झाला. २००० च्या सुमारास पीएचपीबीबीसारखी फुकट सॉफ्टवेअर आली आणि थोडी खटपट करणाऱ्या कुणालाही स्वतःचा फोरम काढता येऊ लागला. मराठीत मायबोली १९९६ पासून आहे, मिसळपाव २००७ पासून.

मायबोलीवर एक मजेशीर सोय होती. तिथे काही पानं 'वाहती' असायची. नवे प्रतिसाद आले की जुने आपोआप वाहून जायचे. निव्वळ टाइमपास, चिडवाचिडवी आणि "आज जेवायला काय?" यासाठी वाहतं पान, आणि पाककृती, बागकाम, प्रवास यांसारख्या पुढे लागणाऱ्या गोष्टींसाठी न वाहणारं. काय टिकवायचं आणि काय वाहून जाऊ द्यायचं, हा निर्णय आधीच घेतलेला असायचा. व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे एकच एक मोठं वाहतं पान. काकूंच्या मुंग्या आणि वाढदिवसाचा केक, दोन्ही एकाच प्रवाहात.

चॅट तर जुनंच आहे, मग फोरम आत्ताच का ओस पडले?

प्रश्न रास्त आहे. फिनलंडच्या यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही चॅटची पद्धत १९८८ मध्येच तयार केली होती. पुढची वीसेक वर्षं चॅट आणि फोरम शेजारी शेजारी नांदले. अनेक फोरमची स्वतःची चॅटची खोलीसुद्धा असायची. रात्री तिथे गप्पा मारायच्या आणि एखादी कामाची गोष्ट निघाली की कुणीतरी म्हणायचं, "याचा धागा काढ रे." दोघांचं जमत होतं, कारण दोन्हीकडे जायला संगणकासमोर बसावं लागायचं. एकदा बसलंच की खिडकी इकडची उघडा नाहीतर तिकडची.

हे गणित मोबाइलने मोडलं. झाडावरची कीड गच्चीवर दिसते, तेव्हा हातात फोन असतो. फोटो काढला, पाठवला, झालं. त्याच फोटोसाठी जुन्या फोरमवर काय करावं लागायचं? कॅमेऱ्यातून संगणकावर घ्या, आकार लहान करा, दुसऱ्याच एखाद्या साइटवर चढवा, तिथला दुवा आणून चिकटवा. तेही पासवर्ड आठवला तर! २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि भारतात मोबाइल डेटा स्वस्त झाला. त्यानंतर इंटरनेटवर आलेल्या कितीतरी जणांच्या लेखी इंटरनेट म्हणजे व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि फेसबुक. फोरम नावाचं काही असतं हे त्यांना कळायची वेळच आली नाही. परदेशात, विशेषतः गेम खेळणाऱ्यांत, हीच जागा २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिस्कॉर्डने घेतली.

मराठी माणसासाठी आणखी एक अडचण होती, ती देवनागरी टायपिंगची. लांबलचक प्रतिसाद टाइप करण्यापेक्षा दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवणं कितीतरी सोपं. बोललेलं ज्ञान जास्त मोकळं असतं, हेही खरं. फक्त "पिठ्या ढेकूण" हे शब्द शोधले तर तो व्हॉइस मेसेज सापडत नाही.

आणि फोरमची एक खोड मान्य करायलाच हवी. तिथे नव्या माणसाला फार बोलणी बसायची. "आधी शोधा, मग विचारा", "हा प्रश्न शंभरदा झालाय", "चुकीच्या विभागात धागा काढलात". नियम चांगल्या हेतूने केलेले असत, पण पहिल्याच प्रश्नाला टपली मिळालेला माणूस दुसऱ्यांदा कशाला येईल? चॅटवर त्याला निदान पाच मिनिटांत "ताई, काळजी करू नका" असं कुणीतरी म्हणतं.

आधी गप्पा जातात, मग उत्तरं

फोरम एका दिवसात बंद पडत नाही. तो कसा ओसरतो हे पाहण्यासारखं आहे.

संकेतस्थळं वापरायला सोपी कशी करावीत याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ ठोकताळा मांडला होता. ऑनलाइन समूहात १०० पैकी साधारण ९० जण फक्त वाचतात, ९ जण कधीतरी लिहितात आणि बहुतेक सगळं लिखाण उरलेला एक करतो. फक्त वाचणाऱ्यांना मायबोलीवर 'रोमात' असलेले म्हणतात. प्रत्येक ठिकाणी आकडा हाच निघेल असं नाही, पण घडण हीच दिसते. म्हणजे हजार सदस्यांचा फोरम खरं तर दहा-पंधरा जणांच्या जिवावर चालतो. ते उठून गेले की हजाराचा आकडा तसाच दिसतो आणि आत कुणी नसतं.

आता हे दहा-पंधरा जण रोज फोरमवर कशाला यायचे? नवख्यांच्या शंका सोडवायला? छे! ते एकमेकांना भेटायला यायचे. काल कुठे गेलो, काय पाहिलं, नवीन लेन्स कशी आहे, अमक्याची खेचायची. हे चालू असताना मध्येच एखाद्या नवख्याचा प्रश्न दिसायचा आणि जाता जाता त्याचं उत्तर दिलं जायचं. ज्ञान हे गप्पांचं उप-उत्पादन होतं, ताक करताना निघणाऱ्या लोण्यासारखं.

चॅटने नेमक्या या गप्पा उचलल्या. "आपल्या आपल्यात एक ग्रुप काढू" असं म्हणून तेच दहा-पंधरा जण व्हॉट्सॲपवर गेले. फोरम सोडायचा असं कुणी ठरवलं नव्हतं. फक्त रोज तिथे जाण्याचं कारण उरलं नाही. मग नवख्याच्या प्रश्नाला तासाभराऐवजी तीन दिवसांनी उत्तर मिळू लागलं, नंतर मिळेनासं झालं. उत्तर न मिळालेला पुन्हा येत नाही. गूगलवरून येणाऱ्याला शेवटचा प्रतिसाद २०१६ चा दिसतो आणि इथे आता कुणी राहत नाही असं समजून तोही निघून जातो. शेवटी उरतो तो फोरम चालवणारा एकटा माणूस. दरवर्षी सर्व्हरचं बिल, कचरा जाहिराती पुसण्याचं काम आणि सॉफ्टवेअर जुनं झाल्याची भीती. त्यात कायद्याच्या जबाबदाऱ्या वाढल्या तर संपलंच. ब्रिटनच्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यातल्या जबाबदाऱ्या मार्च २०२५ पासून लागू होणार होत्या. त्याआधी तिथल्या काही छोट्या हौशी फोरमनी बंद होत असल्याचं जाहीर केलं. त्यात हॅमस्टर पाळणाऱ्यांचाही एक फोरम होता, आणि त्याने सदस्यांना इन्स्टाग्रामचा रस्ता दाखवला.

उत्तराला पत्ता लागतो

चॅटवरही उत्तरं मिळतातच, बऱ्याचदा फोरमपेक्षा लवकर आणि प्रेमाने. मग बिघडलं कुठे?

फोरमवरच्या उत्तराला एक पत्ता असायचा. त्या पत्त्यावर दुसऱ्याला पाठवता यायचं. जाणत्या माणसाने एकदा मन लावून लिहिलं की पुढच्या वेळी नुसता दुवा द्यायचा. युजनेटवर याची रीतच पडली होती. तिथे दर सप्टेंबरात कॉलेजांत नवी मुलं यायची आणि तेच ते प्रश्न विचारायची. १९९३ पासून घरगुती ग्राहकांची इतकी रीघ लागली की जुन्या मंडळींनी त्याला "कधीच न संपणारा सप्टेंबर" असं नाव दिलं. यावर त्यांचा उपाय होता एफएक्यू, म्हणजे नेहमीच्या प्रश्नांची एकत्र उत्तरं. छंदाच्या गटातली चार जाणती माणसं ती मिळून लिहायची, सुधारायची आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा टाकायची. आज बँकेपासून पासपोर्टपर्यंत प्रत्येक साइटवर दिसणारा 'एफएक्यू' हा शब्द सर्वदूर पोचला तो युजनेटमुळे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सप्टेंबर रोजच असतो. पण काकूंच्या त्या जुन्या मेसेजला बाहेरून उघडेल असा पत्ता नाही, आणि आज सामील झालेल्याला गेल्या वर्षीचं बोलणं दिसत नाही.

दुसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ती म्हणजे उशिरा आलेला प्रतिसाद. फोरमवर सहा महिन्यांनी कुणीतरी जुना धागा वर काढून लिहायचं, "दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं, पहिल्या महिन्यात फरक पडला, पण पावसाळ्यात परत आलं." त्यावर मूळ उत्तर देणारा विचार बदलायचा, तिसरा आपला अनुभव जोडायचा. बागेचं, माशांच्या टाकीचं, ट्रेकच्या बुटांचं खरं ज्ञान असं सावकाश पिकतं. बूट चांगले आहेत की नाहीत हे दोन पावसाळे गेल्यावर कळतं. चॅटमध्ये दोन पावसाळ्यांनी बोलायला जागाच नाही. तिथे सल्ला दिला जातो आणि तो लागू पडला का हे बहुतेक वेळा कुणालाच समजत नाही.

म्हणजे चॅट त्या क्षणी विचारणाऱ्याची सोय उत्तम करतं. फोरमचा खरा लाभार्थी मात्र त्या दिवशी हजरच नसायचा. तो तीन वर्षांनी, रात्री अकराला, गूगलवरून यायचा, वाचायचा आणि आभार न मानता निघून जायचा. त्याचं नुकसान झालं तरी तक्रार करायला तो तिथे नसतो.

सगळंच उघड्यावर हवं का?

नको. पक्षीनिरीक्षकांना हे नीट माहीत आहे. घुबडाच्या घरट्याची जागा जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यांची गर्दी होते आणि कधी कधी शिकारीही पोचतात. म्हणून पक्ष्यांच्या नोंदींचं ई-बर्ड हे व्यासपीठही संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा सार्वजनिकपणे दाखवत नाही. अशा गोष्टी ओळखीच्या ग्रुपमध्ये राहिलेल्याच बऱ्या. अनोळखी लोकांसमोर फोटो टाकायला संकोचणाऱ्या, नको ते मेसेज येतील म्हणून फोरमवर गप्प राहणाऱ्या कितीतरी जणी बंद ग्रुपमध्ये मोकळेपणाने बोलतात, हेही विसरून चालणार नाही.

शिवाय जुनं ते सगळं टिकलं असतं, असंही नाही. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं आणि कॉलेजातल्या कम्युनिटीज त्याच्याबरोबर गेल्या. याहू ग्रुप्सने आधी वर्षानुवर्षांचे मेसेज आणि फोटो काढून टाकले, मग डिसेंबर २०२० मध्ये सेवाच थांबवली. २०१७ मध्ये फोटोबकेट या साइटने इतर ठिकाणी फोटो दाखवण्यासाठी वर्षाला जवळपास ४०० डॉलर मागायला सुरुवात केली. एका रात्रीत जगभरच्या हौशी फोरमवरच्या "हे असं जोडा" छापाच्या धाग्यांतले फोटो गायब! मजकूर शिल्लक, चित्राच्या जागी पैसे भरण्याची सूचना. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं की २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती.

मग टिकलं कोण?

बोर्डगेमगीक २००० पासून चालू आहे. विणकामवाल्यांचं रॅव्हेलरी २००७ पासून. दोन्हीकडे चर्चा एखाद्या वस्तूला बांधलेली आहे. बोर्डगेमगीकवर प्रत्येक खेळाचं स्वतःचं पान असतं आणि त्या खेळाच्या नियमांवरच्या शंका त्याच पानाखाली राहतात. रॅव्हेलरीवर विणीचे नमुने, लोकर आणि ती वापरून कुणी काय विणलं, हे सगळं एकमेकांना जोडलेलं. लोक गप्पांसाठी दुसरीकडे गेले तरी आपल्या खेळांची यादी, आपल्या विणकामाची नोंद ठेवायला इथे परत येतात, आणि आलेच आहेत तर एखाद्याला उत्तर देऊन जातात. रोज येण्याचं कारण शिल्लक राहिलं.

भारतातल्या पक्षीनिरीक्षकांनीही असंच केलं. गप्पा व्हॉट्सॲपवर, नोंद ई-बर्डवर. अशा ३० हजारांहून अधिक हौशी लोकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३' हा अहवाल उभा राहिला आणि त्यात ९४२ प्रजातींचा आढावा घेता आला. तळ्यावरच्या एका सकाळची यादी ग्रुपवर टाकून सोडून दिली असती तर ती दुपारपर्यंत वाहून गेली असती. अर्थात यादी म्हणजे चर्चा नव्हे. "हा पक्षी अमकाच कशावरून?" यावर रंगलेला वाद ई-बर्डच्या रकान्यांत मावत नाही, तो ग्रुपवरच राहतो.

मराठीला याचा फटका जास्त का?

इंग्रजीत एक फोरम बुडाला तर दुसरा सापडतो, नाहीतर रेडिट आहेच. जुन्या चर्चांना केवढी किंमत आली आहे हे रेडिटच्याच बाबतीत दिसलं. एआयच्या प्रशिक्षणासाठी आपला मजकूर वापरू देण्याचा करार रेडिटने २०२४ मध्ये गूगलशी केला, आणि बातम्यांनुसार तो वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलरचा होता. अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना फुकट दिलेली उत्तरं!

मराठीत हा साठा मुळातच लहान. कोकणातल्या दमट हवेत मोगरा कसा सांभाळायचा, लातूरच्या उन्हात गच्चीवर कोणती भाजी तग धरते, नाशिकच्या थंडीत माशांच्या टाकीला हीटर लागतो का, याची उत्तरं इंग्लंड-अमेरिकेतल्या बागायतदारांकडे नाहीत. ती मराठी बोलणाऱ्या माणसांकडे आहेत आणि ती माणसं रोज सविस्तर, आवडीने सांगतही आहेत. फक्त कुलूपबंद ग्रुपमध्ये. बाहेरून शोधणाऱ्याला परदेशातल्या हवेसाठी लिहिलेला, कसाबसा भाषांतर केलेला लेख मिळतो. एआयला विचारलं तरी त्यानेही तेच वाचलेलं असतं.

काही ग्रुप आपल्यापुरता मार्ग काढतात. कुणीतरी महिन्यातून एकदा चांगली उत्तरं गूगल डॉकमध्ये उतरवून त्याचा दुवा ग्रुपच्या माहितीत चिकटवतं. डिस्कॉर्डनेही २०२२ मध्ये धाग्यांसारखी फोरमची सोय आणली, पण ती सर्व्हरच्या आतच, गूगलपासून लांब. व्हॉट्सॲपमध्ये 'एक्स्पोर्ट चॅट' नावाचा पर्याय आहे. तो दाबला की ग्रुपमधलं बोलणं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये निघतं. मग त्यातून सुप्रभात वगळून मुंग्या शोधत बसायला मात्र माणूसच लागतो. आणि ते बाहेर मांडायचं असेल तर ज्यांनी लिहिलं त्यांना विचारावंही लागतं, कारण ग्रुपवर बोलताना त्यांनी जगासमोर बोलायचं ठरवलेलं नव्हतं.

युजनेटची सुरुवातीची दहा वर्षं आज वाचायला मिळतात ती अशाच एका माणसामुळे. त्या काळी साठवणूक महाग होती, त्यामुळे बहुतेक ठिकाणी जुने मेसेज काही आठवड्यांत पुसले जायचे. टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संगणकांचं काम पाहणारे हेन्री स्पेन्सर १९८१ ते १९९१ दरम्यान ते चुंबकीय टेपवर उतरवून ठेवत गेले. कुणी सांगितलं नव्हतं. अशा १४१ टेप जमल्या, त्यांत सुमारे २० लाख मेसेज होते. पुढे काही जणांनी त्या टेप एकेक करून वाचून काढल्या, आणि २००१ मध्ये गूगलने युजनेटचा वीस वर्षांचा संग्रह लोकांसाठी खुला केला तेव्हा त्यातली पहिली दहा वर्षं प्रामुख्याने याच टेपांवरून आलेली होती.